जागा नाही, हे अर्धेच खरे

सिंगापूरच्या हवामान धोरणावर बोलताना तिथले सरकार एक आकडा आवर्जून सांगते आणि टीकाकार दुसरा. सरकारचा आकडा ०.१ टक्का. जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा साधारण एवढाच आहे. टीकाकारांचा आकडा दहा टन. २०२२ मधले सुमारे ५ कोटी ८० लाख टन उत्सर्जन त्या वर्षीच्या ५६ लाख लोकसंख्येने भागले, की माणशी एवढे येते, म्हणजे भारताच्या तिपटीहून जास्त. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोन्हींतून फारसे काही कळत नाही. या ५ कोटी ८० लाख टनांपैकी किती टन भूगोलाने गळ्यात मारले आणि किती या देशाने समजून-उमजून, धंदा म्हणून पत्करले, हे आधी वेगळे काढायला हवे. त्याशिवाय ‘छोटा देश, आमच्या हातात काय आहे’ हे म्हणणे मान्यही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

कागदावरची उद्दिष्टे अशी: २०३० मध्ये ६ कोटी टन, २०३५ मध्ये साडेचार ते पाच कोटी, २०५० मध्ये निव्वळ शून्य. २०३० चा आकडा २०२२ च्या पातळीपेक्षा किंचित वरच आहे, हे लक्षात असू द्यावे. खरी कपात सुरू होते ती त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान करारात सिंगापूर अजून भारताच्याच रांगेत, विकसनशील देशांत मोडतो. तरीही आग्नेय आशियातला पहिला कार्बन कर २०१९ मध्ये त्यानेच लावला. त्यामुळे इच्छाच नाही, असा आरोप टिकणार नाही.

आधी खऱ्या अडचणीकडे, म्हणजे विजेकडे पाहू. देशाचे क्षेत्रफळ ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपास, बृहन्मुंबईहून थोडेसेच मोठे. मोठी नदी नाही, त्यामुळे जलविद्युत नाही. वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, आणि एवढ्या वाऱ्यावर मोठी पवनचक्की धड फिरतही नाही. भरती-ओहोटीतला फरक कमी. उरते ते ऊन. विषुववृत्ताजवळ ऊन भरपूर असेल असे वाटते, पण ढगही भरपूर असतात. तेंगेह जलाशयावर २०२१ मध्ये तरंगता सौर प्रकल्प झाला. ६० मेगावॅट, सव्वा लाखाच्या जवळपास पॅनेल, व्यापलेली जागा ४५ हेक्टर. म्हणजे मेगावॅटला पाऊण हेक्टर. या हवेत एक मेगावॅटची पॅनेल वर्षाला साधारण १२ लाख युनिट वीज देतात. देशाची वर्षाची गरज ५,५०० कोटी युनिटच्या घरात. ती सगळी उन्हातून भागवायची तर ४६ हजार मेगावॅटची पॅनेल लागतील आणि त्यांना तेंगेहच्या हिशोबाने जवळपास ३४५ चौरस किलोमीटर जागा लागेल. निम्मा देश पॅनेलखाली जाईल, आणि रात्रीचा प्रश्न तसाच राहील.

छपरांचेही तसेच. बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. बारा-पंधरा मजल्यांखालच्या शंभर घरांना मिळून वर एकच गच्ची, आणि तीही पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टच्या खोल्यांनी अडलेली. अशा गच्चीवरच्या पॅनेलांतून लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचे पंप चालतात. घराघरातला एसी चालवण्याइतकी वीज त्यातून निघत नाही. सरकारने २०३० साठी ठेवलेले दोन हजार मेगावॅटचे उद्दिष्ट देशाच्या तेव्हाच्या मागणीच्या तीन टक्क्यांच्या आसपास जाते, यात आळस कुठेच नाही. या भागापुरते सिंगापूरचे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे आहे.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. २००० साली तिथली बहुतेक वीज जड इंधन तेलावर होत असे, आज सुमारे ९५ टक्के नैसर्गिक वायूवर होते. आधी इंडोनेशिया आणि मलेशियातून नळाने आलेला वायू, २०१३ पासून जुरोंग बेटावरच्या टर्मिनलवर जहाजाने येणारा द्रवरूप वायूही. त्यातून प्रत्येक युनिटमागचे उत्सर्जन उतरून ०.४ किलोवर आले. कोळशावर चालणाऱ्या देशाला अजून जी सोपी कपात शिल्लक आहे, ती सिंगापूरने वीस वर्षांपूर्वीच करून टाकली आहे आणि ती दुसऱ्यांदा करता येणार नाही.

पुढचा मार्ग म्हणून हायड्रोजनचे नाव घेतले जाते. २०५० पर्यंत निम्म्यापर्यंत वीज हायड्रोजनवर होऊ शकेल, असे २०२२ चे राष्ट्रीय धोरण म्हणते. नव्या वीजकेंद्रांना आकारमानाने ३० टक्के हायड्रोजन जाळता आला पाहिजे, अशी अटही आहे. ऐकायला हे मोठे वाटते, पण मेख ‘आकारमानाने’ या शब्दात आहे. एक घनमीटर हायड्रोजनमध्ये तेवढ्याच नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा असते. त्यामुळे ३० टक्के मिसळला तरी ऊर्जेतला वाटा ११ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि कार्बनची बचतही तेवढीच होते. शिवाय तो आणायचा कसा? द्रवरूप करायला उणे २५३ अंश लागतात. अमोनियाच्या रूपात आणला तर उणे ३३ अंशांवर भागते, पण अमोनिया विषारी आहे, तो फोडून पुन्हा हायड्रोजन काढण्यात ऊर्जा जाते आणि तसाच जाळला तर नायट्रोजनची ऑक्साइडे सांभाळावी लागतात. जुरोंग बेटावर छोटा प्रयोग जरूर करावा, पण २०३५ च्या उद्दिष्टाचा भार त्यावर टाकण्यात अर्थ नाही.

मग उरते शेजाऱ्यांकडून तयार वीज आणणे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा फसतो. २०३५ पर्यंत सहा हजार मेगावॅट कमी-कार्बन वीज आयात करायची, म्हणजे तेव्हाच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा, असे सरकारने ठरवले आहे. २०२४ संपेपर्यंत इंडोनेशिया, कंबोडिया, व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रकल्पांना मिळून याहून जास्त क्षमतेच्या सशर्त मंजुऱ्या देऊनही झाल्या. प्रत्यक्षात सुरुवात झाली ती २०२२ च्या जूनमध्ये, लाओसच्या जलविद्युतेतल्या अवघ्या १०० मेगावॅटने. ती थायलंड आणि मलेशियाच्या तारांतून येते.

मंजुरी आणि वीज यांच्यामध्ये काय काय आहे ते पाहा. समजा इंडोनेशियातल्या रिआऊ बेटांवर सौर प्रकल्प उभारून चोवीस तास एक हजार मेगावॅट आणायचे आहेत. वर्षाला ८७६ कोटी युनिट झाले. वरच्याच हिशोबाने त्याला सात हजारांहून जास्त मेगावॅटची पॅनेल लागतात, जमिनीवर मेगावॅटला एक हेक्टर धरले तर सत्तर-पंचाहत्तर चौरस किलोमीटर. त्यातली बहुतेक वीज दुपारच्या चार-पाच तासांत तयार होणार, म्हणजे उरलेल्या एकोणीस तासांसाठी ती बॅटरीत साठवायची. सिंगापूरने जुरोंग बेटावर उभारलेला मोठा बॅटरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा २०० मेगावॅट आणि २८५ मेगावॅट-तासांचा होता. पूर्ण जोराने चालवला तर दीड तासाच्या आत रिकामा होणारा. इथे त्याच्या साठ-सत्तर पट साठवण हवी.

मग केबल. अंतर थोडे असले तर केबलचे तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. ब्रिटन आणि डेन्मार्क यांना जोडणारी ७६५ किलोमीटरची केबल २०२३ अखेरीस सुरू झाली. ऑस्ट्रेलियातून सिंगापूरपर्यंतची मात्र चार हजार किलोमीटरहून लांब, तीही खोल समुद्रातून आणि दुसऱ्या देशाच्या हद्दीतून जाणार. एवढी लांब वीजवाहिनी समुद्राखाली कुणी टाकलेली नाही. उलट जवळची केबल जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी टाकावी लागते, जिथे एका जहाजाचा ओढलेला नांगर ती तोडू शकतो.

केबल सुरक्षित राहिली तरी ग्रिडचे काय? सिंगापूरची कमाल मागणी आठ हजार मेगावॅटच्या आसपास. एक हजार मेगावॅटची केबल अचानक बंद पडली, तर पुरवठ्याचा आठवा हिस्सा क्षणात जातो. मोठ्या ग्रिडला असा झटका पचतो. छोट्या ग्रिडला तेवढी क्षमता सतत तयार ठेवावी लागते, म्हणजे वायूची केंद्रे अर्ध्या भाराने फिरवत ठेवायची आणि त्यांचा वायू जाळायचा. यावर उपाय आहेत. एका मोठ्या केबलऐवजी चार-पाचशे मेगावॅटच्या दोन टाकायच्या, आणि वारंवारता सांभाळणारी बॅटरी किनाऱ्यावर बसवायची. पण प्रत्येक उपायाने युनिटचा दर वाढतो.

तांत्रिक अडचणीपेक्षा राजकीय अडचण मोठी. मलेशियाने २०२१ मध्ये सिंगापूरला नवीकरणीय वीज विकायला बंदी घातली आणि २०२३ मध्ये उठवली. इंडोनेशियाची अपेक्षा आहे की पॅनेल आणि बॅटऱ्या बनवणारे कारखाने आपल्या देशात यावेत. या अपेक्षेला अडवणूक म्हणणारे सिंगापूरमध्ये बरेच भेटतील. मला ती रास्त वाटते. इंडोनेशियाचे स्वतःचे ग्रिड मुख्यत्वे कोळशावर चालते. त्याच्या बेटांवरची सगळ्यांत सोयीची जमीन घेऊन तिथली स्वच्छ वीज श्रीमंत शेजाऱ्याने न्यायची आणि तिथल्या गावांना कोळशाची ठेवायची, असा करार दहा वर्षे टिकणार नाही. सरकार बदलले की तो फाटेल. म्हणून प्रत्येक आयात प्रकल्पातली ठरावीक वीज जिथे तयार होते तिथेच, केबलआधी, पुरवायची अट सिंगापूरने स्वतःहून घालावी. मुंबई शहराला खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही वाहिनी मिळायला किती वर्षे लागली ते महाराष्ट्रातल्या वाचकाला आठवत असेल, आणि तिथे तर दोन्ही टोके एकाच राज्यात होती.

इतका वेळ विजेवर घालवण्याचे कारण असे, की बाकीच्या उपायांचा क्रम विजेवरून ठरतो. उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगांचा आहे. सात छोटी बेटे भराव घालून जोडून जुरोंग बेट तयार केले गेले, आणि शंभरावर कंपन्या तिथे बसवल्या. तिथल्या क्रॅकर नावाच्या भट्ट्यांत नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव, ८०० ते ८५० अंशांवर फोडून प्लास्टिकचा कच्चा माल असलेले इथिलीन काढतात, आणि एक टन इथिलीनमागे साधारण एक ते दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही भट्टी विजेवर चालवता येते. जर्मनीत लुडविग्सहाफेनला २०२४ मध्ये सहा मेगावॅटची प्रायोगिक भट्टी सुरूही झाली. पण सिंगापूरमध्ये आज ती बसवली तर काय होईल? वायू थेट जाळून एक युनिट उष्णता मिळवली तर ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ग्रिडच्या एका युनिट विजेमागे ०.४ किलो. विजेची भट्टी उष्णता कमी वाया घालवते हे धरूनही ताळेबंद तोट्याचाच राहतो. त्यात क्रॅकरमधून निघणारा मिथेनयुक्त वायू आज त्याच भट्टीत इंधन म्हणून जातो. भट्टी विजेची झाली तर त्या वायूचे काय करायचे, हा नवाच प्रश्न उभा राहतो. केबल आली नाही तर कारखाने सुधारण्याचा हा रस्ता बंदच राहतो. मोटारींचे तसे नाही. विजेची गाडी किलोमीटरला ०.१५ युनिट खाते, म्हणजे आजच्या ग्रिडवरही ६० ग्रॅम, पेट्रोल गाडीच्या निम्म्याहून कमी. तिथे थांबायचे कारण नाही, आणि सिंगापूर थांबलेलेही नाही.

कार्बन पकडून पुरण्याचा पर्यायही सुचवला जातो. सिंगापूरच्या पोटात तो पुरण्याजोगा खडक नाही. म्हणजे पकडायचा, दाबाखाली उणे ५० अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूप करायचा, जहाजात भरायचा आणि पुन्हा शेजाऱ्याच्याच दारात न्यायचा. वीजही त्याच्याकडून आणि कचराही त्याच्याकडे, हे वाटाघाटीत किती दुबळे ठिकाण आहे ते सांगायला नको.

पण इथे भूगोलाची सबब संपते. जुरोंग बेट कुणी निसर्गाने दिलेले नाही. भराव घालून, सवलती देऊन, योजनापूर्वक ते उभे केले आहे. त्याची फळे पदरात पाडून घेतली, तर त्याचे उत्सर्जनही आपलेच मानावे लागेल. कार्बन कर वर्षाला २५ हजार टनांहून जास्त उत्सर्जन करणाऱ्या कारखान्यांना आणि वीजकेंद्रांना लागतो. सुरुवात टनाला ५ सिंगापूर डॉलरने झाली. २०२४ मध्ये तो २५ झाला, २०२६ आणि २०२७ साठी ४५, आणि २०३० पर्यंत ५० ते ८० करायचा बेत आहे. टनाला २५ डॉलर म्हणजे विजेच्या युनिटला एक सेंट. चार खोल्यांच्या सरकारी फ्लॅटला महिन्याला चारेक डॉलरचा बोजा, आणि त्यासाठी सरकार बिलात सूट देते. घरांच्या बाबतीत ही रचना चांगली आहे.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र तशी नाही. निर्यातीच्या स्पर्धेत असलेल्या, ऊर्जा जास्त खाणाऱ्या कंपन्यांना उत्सर्जनाच्या काही हिश्शावर कर माफ होतो. कंपनी सोडून गेली तर तेच उत्सर्जन दुसऱ्या देशात होईल, हे त्यामागचे कारण खोटे नाही. डेटा सेंटरच्या बाबतीत तसे घडले. देशाची सात टक्के वीज ती खाऊ लागली, म्हणून २०१९ ते २०२२ नव्या केंद्रांना परवाने थांबवले, आणि ती पलीकडे जोहोरमध्ये उभी राहिली, कोळशाचा मोठा वाटा असलेल्या मलेशियाच्या विजेवर. तेव्हा सवलत असावी. पण कोणत्या कंपनीला किती टनांवर माफी मिळाली आणि ती कोणत्या वर्षी किती कमी होणार, हे कंपनीनिहाय जाहीर झाले पाहिजे. ज्या देशात घरटी चार डॉलरचा हिशोब जनतेला दिला जातो, तिथे कोट्यवधींच्या माफीला व्यापारी गुपित म्हणणे मला पटत नाही. उत्सर्जनाच्या पाच टक्क्यांपर्यंत परदेशी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या कपातीची विकत घेतलेली प्रमाणपत्रे, वापरून कर चुकता करायची मुभा आहे. ती मर्यादा आहे तिथेच राहू द्यावी. घाना किंवा पापुआ न्यू गिनीतले जंगल वाचवणे चांगले काम आहे, पण त्याने जुरोंगची एकही भट्टी बदलत नाही.

शेवटी ज्या आकड्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते, तो पाहू. सिंगापूर हे जहाजांना इंधन पुरवणारे जगातले सर्वांत मोठे बंदर आहे. २०२४ मध्ये तिथे ५ कोटी ४९ लाख टन बंकर इंधन विकले गेले. एक टन इंधन जळून साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे १७ कोटी टन. देशाच्या जाहीर उत्सर्जनाच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला एकही टन राष्ट्रीय बेरजेत नाही. नियमाने तसे बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमानांचे इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. हा सगळा धूर सिंगापूरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण जहाजे दुसऱ्या देशांची, माल तिसऱ्यांचा. टनामागे काही डॉलर फरक पडला तर तेच जहाज पोर्ट क्लांग, फुजैरा किंवा चीनमधल्या झौशानला टाकी भरते. म्हणून एकट्या सिंगापूरने बंकरवर कर लावावा, असे मी म्हणणार नाही. तो कर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेच लावायला हवा, आणि तिथला निर्णय २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला.

पर्यायी इंधनांची विक्री २०२४ मध्ये १३ लाख टनांच्या पुढे गेली, असे अभिमानाने सांगितले जाते. एकूण विक्रीच्या ते अडीच टक्केही नाही. शिवाय त्यात जैवइंधनाची मिश्रणे पूर्ण वजनाने धरलेली असतात, आणि चालू मिश्रणांत बहुतेक भाग खनिज तेलाचाच असतो. द्रवरूप वायूवर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन तर त्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

इथे सिंगापूरला एकट्याने करण्याजोगे काम आहे, आणि ते करण्याची ताकद त्याने पूर्वी दाखवलेली आहे. बंकरच्या धंद्यात मापात पाप करण्याची जुनी रीत होती. इंधनात हवा फुंकून त्याला फेस आणायचा, म्हणजे टाकीतली पातळी वाढते आणि वजन भरत नाही. १ जानेवारी २०१७ पासून सिंगापूरने जहाजांच्या इंधन तेलाच्या प्रत्येक पुरवठ्याला वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले, जगात पहिल्यांदा. धंदा पळून जाईल ही भीती तेव्हाही होती. २०१६ मध्ये विक्री ४ कोटी ८६ लाख टन होती, २०१७ मध्ये ५ कोटी ६ लाख टन झाली. खात्रीचे माप मिळते म्हणून गिऱ्हाईक आले. १ एप्रिल २०२५ पासून इंधनाची पावतीही डिजिटल करणे बंधनकारक झाले आहे. त्याच पावतीवर आणखी एक रकाना वाढवावा: विहिरीपासून जहाजाच्या धुराड्यापर्यंत या इंधनाच्या एका टनामागे किती हरितगृह वायू जातात. मिश्रण असेल तर खनिज भाग किती, जैव भाग किती आणि तो कशापासून बनवला, तेही. युरोपकडे जाणाऱ्या जहाजांना हा हिशोब आता ठेवावाच लागतो, तेव्हा मालकांना तो अडचणीचा वाटण्याऐवजी सोयीचाच होईल. सिंगापूरच्या बंदर कंपनीचे टर्मिनल न्हावा शेव्यालाही आहे आणि दोन्ही देशांत हरित जहाजमार्गाचा करार झालेला आहे. त्यामुळे या मार्गावरच्या जहाजांपासून सुरुवात करता येईल. आणि दरवर्षी राष्ट्रीय उत्सर्जनाचा तक्ता प्रसिद्ध होतो, तेव्हा त्याच पानावर, बेरजेत न धरता का होईना, विकलेल्या बंकर इंधनातून किती कोटी टन निघाले तेही छापावे.